चौथी बाजू

खेळ सांगायला बसला की उद्धव पुढ्यात सूप उभं करायचा. साधं पाखडायचं सूप, बांबूचं, कागद-मेथीच्या लगद्यानं लिंपलेलं. सुपाच्या आड फासे टाकायचे, आकडा आपणच बघायचा आणि गोष्ट तोंडानं पुढे न्यायची. समोरच्यांना फाशांची खुळखुळ तेवढी ऐकू येई. सुपानं फोल उडवावं आणि दाणा राखावा, ही जगाची रीत. या सुपाच्या आड मात्र गेले तीन रविवार नुसतं फोलच साठत होतं, आणि ते आपल्या एकट्यालाच ठाऊक आहे असं उद्धवला वाटत होतं.

मोताळ्यात शाहरुखचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. दुकानामागे खोली, तिला एकच दार, एकच पंखा, आणि भिंतीला मेलेल्या फोनांनी भरलेली खोकी. रविवारी दुपारी शटर अर्धं ओढून सारे तिथे जमत. खेळ आणला होता श्रेयसनं. पुण्याला तीन वर्षं शिकून परतला तेव्हा त्याच्या बॅगेत एक जाडजूड झेरॉक्स पुस्तक होतं आणि थैलीभर फासे, कुणाला चार पैलू, कुणाला वीस. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. कुणी तलवारीचा, कुणी धनुष्याची, कुणी मंत्रतंत्राचा. इंग्रजी पुस्तकाचा कुणालाच पुरता थांग लागेना, तेव्हा श्रेयसनं दोनशे पानी वहीत सगळे नियम आपल्या बोलीत उतरवले. शत्रू म्हणजे सरकीचे दाणे, आपली माणसं म्हणजे चिंचोके. सूप त्याच्याच आईचं, सुवर्णाकाकूंचं. एका कोपऱ्याला उंदरानं कुरतडलेलं, म्हणून घरातून बाद झालेलं.

श्रेयस जाऊन आता चार महिने झाले. मक्याच्या शेतात अस्वलानं त्याला फाडलं.

तीन महिने वही कुणी उघडली नाही. मग एका रविवारी त्याची धाकटी बहीण प्रतीक्षा स्कूटीवरून आली. बुलढाण्याला नर्सिंगला होती ती, मोजकंच बोलणारी. श्रेयसचा चिंचोका तिनं मुठीतून काढून सतरंजीवर ठेवला. म्हणाली, "दादाचा भैरू मी खेळीन. त्याले असं मधातच नोका सोडू."

भैरू म्हणजे श्रेयसचा लढवय्या, घोंगडीवाला, हाती कुऱ्हाड. रेवतीनं, जी शाळेत मास्तरीण होती आणि खेळात तिरंदाज, डोळ्याला पदर लावला. शाहरुख उगाच एका बंद फोनची बॅटरी काढत-घालत बसला. आणि उद्धवनं सूप उभं केलं, कारण तोंड लपवायला तेवढंच हाताशी होतं.

तेव्हापासून त्याच्या गोष्टीतले शत्रू पळायला लागले.

वहीत त्याचाही नियम होता. एक पूर्ण पान, वर श्रेयसच्या तिरप्या अक्षरात, 'शत्रू माघार कधी घेतो'. प्रत्येक टोळीला एक आकडा, त्याला नाव 'काळीज'. टोळीचा म्होरक्या पडला किंवा अर्धी टोळी पडली, की सांगणाऱ्यानं दोन फासे टाकायचे. बेरीज काळजापेक्षा जास्त आली तर टोळी पळाली, नाही तर उभी राहिली. लांडग्यांना काळीज सहा, भाडोत्री शिपायांना सात, आणि दरीतल्या काळमुख्या राक्षसांना नऊ. एवढ्यानं लढाईला चव आली होती. मरेपर्यंत कुणी लढत नाही, श्रेयस म्हणायचा, जिवाला जीव प्यारा असतो, राक्षसालाही.

पण उद्धवच्या फाशांवर हल्ली नेहमी दहा नाहीतर अकराच पडायचे.

"तुये राक्षस खानेसुमारीले आलते काय बे?" गेल्या रविवारी शाहरुख म्हणाला होता. "नाव लिवून घेतलं का चालले घरी."

"भितात बिचारे," रेवती हसून म्हणाली. "तुझा अवतार बघून."

"माया मंत्र तोंडातच राह्यते. अर्धा म्हटला का समोर मैदान साफ. काय खेळाव मानसानं?"

प्रतीक्षा सुपाकडे बघत होती.

उद्धव तरी काय करणार होता? भैरूच्या चिंचोक्यावर सरकीचे दाणे चालून गेले की त्याच्या कानात मका सळसळायचा. मग फासे सात दाखवोत की चार, तो म्हणायचा, "अकरा. पळाले."

*

तो दिवस असा होता.

इंद्रभान पाटलांचा मका डोक्याच्याही वर गेलेला, कणसं भरलेली. ज्ञानगंगेच्या जंगलातून अस्वल उतरून मक्यात बसलं होतं. सकाळी नऊच्या सुमारास गावची अकरा माणसं डबे, पत्रे, डफडी घेऊन हाका घालायला जमली, आणि सांगायला होता मोतीरामबाबा. साठी उलटलेला म्हातारा. वनखात्यात रोजंदारीवर जन्म काढलेला, रानाच्या बोलीत मुरलेला.

"तीन बाजू मानसाच्या, चौथी बाजू रानाची," त्यानं बजावलं. त्या गावची ही जुनी रीत, हाक्याला निघालं की पहिलं वाक्य हेच. "नाल्याकून कोनी उभं राहाचं नाही. तिकून आवाज नाही, खोकला नाही, बिडीचा धूरबी नाही. जनावराले वाट दिसली का थे आपल्या पायानं जाते. वाट नाही दिसली तं मंग थे वाट करते, अन् थे मानसातून करते."

श्रेयसनं ते ऐकलं आणि हसून उद्धवला कोपरानं ढोसलं. त्याच्या वहीतल्या त्या पानाच्या तळाशी एक ओळ आधीच होती, म्हाताऱ्याकडूनच उचललेली. 'पळायले वाट नसन तं फासे टाकू नये. मरेपर्यंत लढतील.'

दोघांना पूर्वेच्या बांधावर उभं केलं होतं, एकमेकांपासून वीस पावलांवर. मक्यात दोन पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. डफडी वाजायला लागली. आत कुठेतरी काहीतरी जड हललं, धाटं कडकड मोडली. उद्धवला श्रेयस दिसत नव्हता, श्रेयसला उद्धव दिसत नव्हता. नाल्याच्या तोंडाशी उद्धवची मोटरसायकल उभी होती. नुसतं जाऊन गाडीवर बसावं, किल्ली लावून ठेवावी, एवढंच मनात होतं. तो गेला. कुणी बघितलं नाही.

आणि अस्वल नाल्याकडेच आलं. मोतीरामबाबा म्हणाला होता तसंच, आपल्या पायानं, वाट बघत. धाटातून काळं थोबाड बाहेर निघालं, गाडीपासून दहा हातांवर. उद्धवच्या हातात तेलाचा रिकामा डबा होता. त्यानं डोळे मिटले आणि डबा बडवला, बडवला, बडवत राहिला.

डोळे उघडले तेव्हा समोर अस्वल नव्हतं. मका पूर्वेकडे फाटत चालला होता, पाण्यात काठी ओढावी तसा. मग सगळ्यांना ऐकू गेला असा श्रेयसचा आवाज आला, "उद्ध्या, बाजूले हो! बाजूले हो बे!"

त्याला वाटत होतं, उद्धव आपल्या शेजारीच उभा आहे.

पुढं जे ऐकू आलं ते उद्धवनं कुणाला सांगितलं नाही. तो बांधाबांधानं पळत आला तेव्हा इतरही आले होते, आणि तो पहिल्यापासून तिथेच होता असंच सगळ्यांनी धरलं. अस्वल बांध ओलांडून रानात निघून गेलं होतं.

गावानं दोष मोतीरामबाबाला दिला. म्हाताऱ्याची अक्कल नासली, म्हणाले. चौथी बाजू, चौथी बाजू करत पोरगं खाल्लं. कसली वाट अन् कसलं काय, अस्वल तर सरळ माणसावर आलं. म्हातारा पारावर आला की माणसं उठून जात. दुकानात त्याला शेवटी सामान मिळे. सुवर्णाकाकू दळण करताना पूर्वी गात, ते बंद झालं. गात होत्या तेव्हा त्यांची एक ओवी अशी होती:

पाखरू घरामंदी,
नको लावू चारी दारं
एक उघडं राहू दे,
त्याचं रानात गं घरं

आता त्या एवढंच म्हणत, "थो म्हतारा मेल्याबिगर माया जीव थंडा होनार नाही." आणि उद्धव ते ऐके. तिथेच ओसरीवर बसून त्यांच्या हातचा चहा पिता पिता ऐके.

*

आजची लढाई बारवेच्या चौकात होती. उद्धवनं खडूनं सतरंजीवर चौक आखला. चार बाजू, चार वाटा: पूल, वेस, पडका जिना, आणि पाणी जायची मोरी. मधे काळमुख्यांचे बारा दाणे आणि एक मोठा दाणा, त्यांचा म्होरक्या.

"काळीज नऊ," उद्धव म्हणाला.

"म्हंजे पाच मिनिटात घरी," शाहरुख म्हणाला. "चहा सांगतो मी."

"आज नाही जाऊ द्याचे," प्रतीक्षा म्हणाली.

ती पुढे सरकून बसली. रेवतीला तिनं पूल जाळायला लावला. तेलात बुडवलेले तीन बाण गेले आणि पूल गेला. शाहरुखच्या मंत्रानं वेशीत दगडी भिंत उठली. तो खूश झाला, कारण मंत्र पहिल्यांदाच पुरा म्हणायला मिळाला होता. जिना दोघांनी मिळून पाडला. उरली मोरी. प्रतीक्षानं भैरूचा चिंचोका उचलला आणि मोरीच्या तोंडावर नेऊन ठेवला.

"तिथं नको ठेवू," उद्धव म्हणाला.

"काऊन?"

"एक वाट मोकळी ठेव."

"दादाच्या वक्ताले होती ना मोकळी? काय झालं?"

पंखा कुरकुरत फिरत होता. रेवतीनं हळूच म्हटलं, "प्रतीक्षा, खेळ आहे गं."

"खेळच खेळून राह्यली मी, ताई."

लढाई लागली. फासे आज तिच्या बाजूचे होते. भैरूची कुऱ्हाड म्होरक्याच्या मानेत बसली, रेवतीचे बाण, शाहरुखची आग, आणि तेरा दाण्यांतले सात सतरंजीबाहेर गेले. राहिले सहा. भैरूलाही लागलं होतं. तिनं कागदावर खोडून लिहिलं, जीव पाच.

म्होरक्या पडला होता, अर्धी टोळी पडली होती. आता माघारीची वेळ. उद्धवनं सुपाआड फासे घेतले.

"कायले टाकतं?" प्रतीक्षा म्हणाली.

"माघारीचे."

"वाट नाही त्यायले. वही वाच."

"तरी पन टाकून पाहू."

"सुपाले भोक हाय, उद्धवदादा."

फासे त्याच्या हातून सुपाआड सुटून पडले.

"उंदरानं कुरतडलं थे. दादा तिथूनच पाह्यचा, मी पन पाह्यते. तीन रविवार झाले. पाच पडला तं तू अकरा म्हनतं. चार पडला तं दहा." तिचा आवाज चढला नव्हता. "मले वाटलं, माया मन राखून राह्यला. भैरू मरू नये म्हून. मले नाही पाह्यजे थे. थे अस्वल गेलं ना जित्तं, रानात. मले एक तरी टोळी अशी पाह्यजे का जिले जाता नाही आलं. म्हून चारी बाजू बंद केल्या. आता सांग, काय होते."

"अगं पन भैरू मरन," शाहरुख म्हणाला. त्याच्या आवाजातला विनोद संपला होता. "सहा जन एकावर. मोरीतून निघाले तं थोच मधात हाय."

"नियम हाय तं मरन. मोतीरामबाबाचा नियम खरा का खोटा, पाहू तं खरं. मायच्या मते खोटा हाय. गावाच्या मते खोटा हाय. कागद तयार केला हाय इंद्रभान पाटलानं. म्हताऱ्याले गावाच्या वेशीतून काढाचं म्हून. माय उद्या अंगठा देनार हाय."

उद्धवनं सूप आडवं केलं. फासे उताणे दिसले, दोन आणि तीन. त्यानं ते मुठीत घेतले नाहीत.

"नियम खरा हाय," तो म्हणाला.

त्यानं सूप सतरंजीवरून बाजूला सरकवलं.

"थे नाल्याकूनच निघालं होतं. आपल्या पायानं. म्या होतो तिथं."

"तू दादाजोळ होता," प्रतीक्षा म्हणाली.

"नाही. मले भेव लागलं. गाडीपाशी गेलो. थे समोर आलं अन् म्या डबा वाजवला." त्याला वाटलं होतं हे सांगायला फार शब्द लागतील. एवढेच लागले. "चौथी बाजू म्या बंद केली. मंग थे फिरलं."

प्रतीक्षानं चिंचोका बोटानं दाबून धरला. मग तिनं विचारलं, आणि तो प्रश्न येईल हे उद्धवला चार महिने ठाऊक होतं.

"मंग दादा कोनाले म्हने, बाजूले हो?"

"मले. त्याले वाटे मी तिथंच हाओ."

रेवतीनं तोंडावर हात ठेवला. शाहरुख उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. तो, उद्धव आणि श्रेयस, लहानपणापासूनचे दोस्त तिघे. त्याला उद्धवकडे बघवत नव्हतं आणि निघून जाताही येत नव्हतं.

"पुढं सांग," प्रतीक्षा म्हणाली.

"काय?"

"लढाई."

"प्रतीक्षा..."

"सांग म्हटलं ना. आज सुपाबिगर."

मग उद्धवनं सांगितलं. उघड्या सतरंजीवर, उघडे फासे टाकून. सहा काळमुखे मोरीकडे वळले, कारण भैरूच्या मागे उजेड दिसत होता. पहिल्याला भैरूनं कापला. दुसऱ्यालाही. रेवतीचा बाण तिसऱ्याला लागला, शाहरुखनं पाठ फिरवलेलीच ठेवून आपला मंत्र म्हटला, पण आकडा कमी पडला. जीव तीन. जीव एक. उद्धवनं एकही आकडा बदलला नाही. चौथ्या दाण्याच्या फाशावर सतरा पडले, आणि प्रतीक्षानं आपल्या हातानं कागदावरचा एक खोडून शून्य लिहिलं.

उरलेले तीन दाणे चिंचोक्यावरून पुढे गेले. मोरीबाहेर.

तिनं चिंचोका मुठीत घेतला, वही काखेत घातली आणि दारात जाऊन उभी राहिली. खोलीला ते एकच दार. क्षणभर उद्धवला वाटलं ती तिथेच उभी राहील. पण ती बाजूला झाली.

"गाडी राहू दे तुयी," ती म्हणाली. "माया मांगं बस."

*

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशीच्या उपटलेल्या पऱ्हाट्या रचून ठेवल्या होत्या. प्रतीक्षाच्या पाठीमागे बसून उद्धवला तिचा खांदा तेवढा दिसत होता, आणि तो हलतही नव्हता. गाव आलं. सुवर्णाकाकूंचं घर आलं, पण स्कूटी थांबली नाही. गावकुसाच्या टोकाला मोतीरामबाबाचं टिनाचं घर. म्हातारा दाराशी बसून अंबाडीच्या वाखाची दोरी वळत होता. भिंतीवर डफडं टांगलेलं, त्यावर धूळ.

दारात माणसं आलेली बघून तो उठला नाही. उठायची सवय मोडली असावी.

"मोतीरामबाबा," प्रतीक्षा म्हणाली, "याले काही सांगाचं हाय."

उद्धवनं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना ते सोपं झालं नाही. सांगून झाल्यावर तो उभाच राहिला. म्हाताऱ्याची बोटं दोरीवर चालू होती, पीळ पडत होता, पीळ पडत होता.

"डबा मले ऐकू आलता," म्हातारा म्हणाला.

प्रतीक्षानं दाराची चौकट धरली.

"डफडं अन् पत्र्याचा आवाज एक. तेलाच्या डब्याचा येगळा. तेलाचा डबा तुयाच हाती होता, म्याच देल्ला होता. आवाज नाल्याकून आला."

"मंग बोलले काऊन नाही?" उद्धवनं विचारलं. "चार महिने?"

म्हाताऱ्यानं पहिल्यांदा वर बघितलं. त्याच्या डोळ्यांत राग शोधला तर सापडला असता. पण तो खूप खाली गेला होता, विहिरीच्या तळाशी पाणी जावं तसा.

"म्या बोललो असतो तं तुले गावानं चारीकून घेरलं असतं," तो म्हणाला. "म्हटलं, येईन आपल्या पायानं. बसलो." मग दोरीकडे बघत, जणू तिलाच, "लय उशीर लावला बापू. माई बायको या पायी गेली. कोनी खांद्याले आलं नाही."

हे उद्धवला ठाऊक होतं. दिवाळीनंतरचं मयत. चार माणसं मिळेनात म्हणून म्हाताऱ्यानं पुतण्याला जळगावहून बोलावलं होतं. उद्धव त्या दिवशी घरात कडी लावून बसला होता.

त्यानं वाकून पाय धरायला हात पुढे केला. म्हाताऱ्यानं पाय आखडून घेतले.

"माये नको धरू," तो म्हणाला. "जिचं पोरगं गेलं तिच्याकडे जा."

त्यानं दोरी गुंडाळून ठेवली, खुंटीवरचा शेला डोक्याला बांधला आणि काठी घेतली. चार महिन्यांत तो त्या गल्लीत गेला नव्हता. पुढे प्रतीक्षा चालली, वही काखेत घेऊन, मधे उद्धव, मागे काठीचा आवाज. पारावरची माणसं बोलायची थांबली. इंद्रभान पाटील हातातला कागद घेऊन उठून उभे राहिले.

घराच्या अंगणात सुवर्णाकाकू तुरी पाखडत होत्या, नव्या सुपात. त्यांनी आधी म्हाताऱ्याला पाहिलं आणि त्यांचा चेहरा ताठ झाला. मग त्यांची नजर उद्धववर आली. रोजच्यासारखी मऊ झाली.

"ये बाबू," त्या म्हणाल्या. "बस. चहा टाकते."

उद्धव बसला नाही. प्रतीक्षा फाटकापाशीच थांबली होती, फाटक उघडं ठेवून, आणि त्याच्याकडे बघत नव्हती.

"काकू," तो म्हणाला, "सूप खाली ठेवा."